खुर्ची एकच, भाडी सतरा

एस.टी.च्या तिकिटावरून हिशेब खात्यात भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. कोल्हापूर ते पुणे जेवढे टप्पे तेवढे पैसे. शेजारच्या आसनावर कारखान्याचा मालक बसो की त्याचा फिटर, वाहकाने दिलेले तिकीट दोघांनाही सारखेच. सवलतीचे अर्धे तिकीट असेल तर ते कोणाला आणि का, हेही गावाला ठाऊक. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आलेल्या माणसाचे बिलही तसेच सरळ. त्यामुळे प्रवासखर्चाची बिले तपासणे हे कारखान्याच्या कचेरीतले सर्वांत हलके काम समजले जाई. नव्याने लागलेल्या बी.कॉम. पोराच्या पुढ्यात पहिल्या आठवड्यात तोच गठ्ठा यायचा. तिकिटे टाचलेली आहेत ना, बेरीज जुळते ना, लॉजची पावती खरी वाटते ना, एवढे पाहायचे. रिक्षाचे पैसे जास्त दिसले तर भुवई उंचवायची आणि सही करून पुढे ढकलायचे.

विमानाने या सोप्या कामाची पार वाट लावली.

उचगाव हे कोल्हापूरला चिकटलेले गाव. शेजारून पुणे-बेंगळूर महामार्ग जातो, जवळच गांधीनगरची कापडपेठ, थोडे पुढे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि हाकेच्या अंतरावर उजळाईवाडीचा विमानतळ. हा विमानतळ काही कालचा नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, ५ जानेवारी १९३९ रोजी तो सुरू झाला. पण मधली कित्येक वर्षे तिथली धावपट्टी विमानाची वाट पाहण्यातच गेली. सेवा सुरू व्हायची, बंद पडायची. २०१८ साली केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून ती पुन्हा सुरू झाली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, आणि परिसरातल्या फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम करणारी माणसे विमानाने ये-जा करू लागली. इथून नाही तर पुण्याहून, बेळगावहून. पूर्वी विमानाने फक्त मालक जात. मालकाचे बिल कोण तपासणार? आता सर्व्हिस इंजिनियर जातो, विक्रीवाला जातो, कास्टिंग नाकारले म्हणून समजूत काढायला क्वालिटीचा माणूस जातो. त्यांची बिले मात्र तपासावी लागतात. आणि तपासणारी असते बहुधा एक मुलगी, जिने विमान पाहिले आहे ते अंगणातून, मान वर करून.

माझे काम अशा लहान कारखान्यांचे हिशेब वर्षातून दोन-तीनदा पाहण्याचे. त्यातली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव नको, माणसांचीही नकोत.

पुण्याहून दिल्लीला एकाच विमानाने दोघे गेले. एक मालकाचा पुतण्या, दुसरा पंधरा वर्षे नोकरीत असलेला सर्व्हिस इंजिनियर. दोघांच्या खुर्च्या एकाच रांगेत. परत आल्यावर बिले आली. पुतण्याचे जाण्याचे तिकीट पाच हजार एकशे चाळीस, इंजिनियरचे अकरा हजार आठशे साठ. हिशेब खात्यातल्या ताईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दुसऱ्यावर तांबड्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. मालकांनी ते पाहिले आणि ‘बघून घ्या’ एवढेच म्हटले. या दोन शब्दांइतके भयंकर शब्द कचेरीत दुसरे नाहीत. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी होती की अमक्याने तिकिटात पैसे खाल्ले. एक महागडे तिकीट काढायचे, ते परत करायचे, स्वस्तातल्याने जायचे आणि बिल महागड्याचे लावायचे, असे करतात म्हणे मोठ्या शहरांत! बिल सहा आठवडे अडकले. पैसे गेले होते त्या माणसाच्या स्वतःच्या कार्डावरून. बँक व्याज लावायला थांबत नाही. घरी बायकोने विचारले, ‘अहो, कंपनीचे पैसे अजून कसे आले नाहीत?’ त्यावर काय सांगायचे? गाव लहान. मुलांच्या शाळेच्या फाटकाशी त्याच टपरीवरच्या कोणाची तरी बायको उभी असते.

या माणसाने एक पैसाही खाल्ला नव्हता, आणि ते त्याच्या तिकिटावरच लिहिलेले होते. एका अक्षरात. ते वाचायचे कसे हे कचेरीत कोणाला माहीत नव्हते, इतकेच.

हे अक्षर आले कुठून, हे कळायला थोडे मागे गेले पाहिजे. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचे विमान आणले. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर चाळीस वर्षे देशांतर्गत विमानप्रवास म्हणजे इंडियन एअरलाइन्स, आणि भाडे म्हणजे सरकारच्या संमतीने ठरलेला आकडा. काही सवलती असत, पण त्या विद्यार्थी, सैनिक अशा ओळखता येणाऱ्या. १९९२-९३ मध्ये ईस्ट वेस्ट, जेट, दमानिया अशा खासगी कंपन्या उडू लागल्या, १९९४ मध्ये जुना कायदाच रद्द झाला आणि भाड्याचा एकच आकडा इतिहासजमा झाला. पुढे कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने तर एक रुपयाची तिकिटेही विकून दाखवली. एका रुपयात कोणी गेले असेल तर त्याच विमानात दुसरा कोणी तरी पाच हजार देऊन बसला असणार, हे उघड आहे.

अमेरिकेत हा प्रकार आधी झाला. तिथे १९७८ साली विमान भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा आला. त्याच्या आदल्या वर्षीच अमेरिकन एअरलाइन्सने आधी काढाल तर स्वस्त मिळेल, अशी तिकिटे आणली होती. पुढे पीपल एक्स्प्रेस नावाची एक स्वस्त कंपनी तिच्या मुळावर उठली, तेव्हा १९८५ साली रॉबर्ट क्रँडॉल या तिच्या प्रमुखाने संगणकाला कामाला लावले. सगळ्याच खुर्च्या स्वस्त केल्या तर कंपनी बुडेल. म्हणून थोड्याच स्वस्त करायच्या आणि त्याही लवकर येणाऱ्यांना. बाकीच्या राखून ठेवायच्या, शेवटच्या क्षणी धावत येणाऱ्यासाठी. त्याला जावेच लागणार असते, तो देईल. रोज, प्रत्येक विमानासाठी, किती राखायच्या याचा हिशेब संगणक करणार. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस दुसऱ्या कंपनीत विरून गेली आणि जगभरच्या कंपन्यांनी हा धडा गिरवला.

गंमत अशी, की आपल्या मंडईत याच्या नेमके उलटे चालते. कोथिंबीर संध्याकाळी सातला स्वस्त होते, कारण रात्रीतून ती सुकणार. विमानातली रिकामी खुर्चीही तशीच नाशवंत. विमान उडाले की तिची किंमत शून्य. मग तीही शेवटी स्वस्त व्हायला हवी. पण संध्याकाळी सातला मंडईत येतो तो काटकसरी गिऱ्हाईक आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री येतो तो कंपनीच्या कामाचा माणूस. भाजीवालीला ठाऊक असते की हा न घेताच पुढे जाईल. विमान कंपनीला ठाऊक असते की हा जाणार नाही.

आता ते अक्षर. एकाच विमानातल्या, एकाच आकाराच्या, एकाच जेवणाच्या (किंवा बिनजेवणाच्या) खुर्च्या कंपनी निरनिराळ्या डब्यांत टाकते आणि प्रत्येक डब्याला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर देते. हे डबे प्रत्यक्षात नसतात, संगणकात असतात. साध्या वर्गातले पूर्ण भाड्याचे, हवे तेव्हा बदलता येणारे तिकीट म्हणजे ‘वाय’. जगभर बहुतेक ठिकाणी हाच अर्थ. त्याखाली बी, एम, एच, के, एल, क्यू, टी, व्ही अशी उतरंड. तिचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण वायपासून जितके खाली तितके स्वस्त आणि तितक्या अटी जास्त, हे खरे. ‘जे’ आणि ‘सी’ ही बिझनेस क्लासची अक्षरे, त्यातही ‘डी’, ‘झेड’सारखी स्वस्त भावंडे असतात. ‘एफ’ म्हणजे पहिला वर्ग. तेव्हा बिलावर जे किंवा सी दिसले आणि कंपनीचा नियम साध्या वर्गाचा असला, तर प्रश्न विचारायला हवा. वाय दिसले तरी विचारायला हवा, पण तो वेगळा.

डबे भरत जातात तसे भाडे वर चढते. इथे एक बारकावा आहे आणि तो मी हिशेब खात्यातल्या लोकांना नेहमी सांगतो. समजा स्वस्त डब्यात एकच जागा उरली आहे आणि तुमच्या कारखान्यातले तिघे एकत्र निघाले आहेत. तिघांचे तिकीट एकदम मागितले की संगणक त्या एका जागेकडे ढुंकूनही पाहत नाही. तिघांनाही वरच्या डब्यातला दर लावतो. तेच तिकीट आधी एकाचे, मग दोघांचे असे काढले तर एकाचे पैसे वाचतात. म्हणजे एकत्र गेलेल्या माणसांची बिले महाग दिसली तर त्यात लबाडी शोधण्याआधी ती एकत्र काढली होती का हे पाहावे.

एका अक्षरानंतर कित्येक तिकिटांवर एक लांबलचक संकेत असतो. त्याला ट्रॅव्हल एजंट ‘फेअर बेसिस’ म्हणतात. तो पाहिला की गाडीच्या नंबरप्लेटसारखा वाटतो, पण वाचायला तितका अवघड नाही. पहिले अक्षर डब्याचे. पुढे ‘एच’ आला तर गर्दीचा हंगाम, ‘एल’ आला तर मंदीचा. ‘डब्ल्यू’ म्हणजे शनिवार-रविवारचा दर, ‘एक्स’ म्हणजे इतर वारांचा. ‘ए पी’ आणि त्यापुढे १४ किंवा २१ असा आकडा म्हणजे तेवढे दिवस आधी काढलेले तिकीट. ‘ओ डब्ल्यू’ म्हणजे एकेरी, ‘आर टी’ म्हणजे परतीचे. आकड्यापुढे ‘एम’ आला तर तितक्या महिन्यांत परतायचे. ‘एन आर’ म्हणजे पैसे परत नाहीत. शेवटी ‘सी एच’ असेल तर तिकीट लहान मुलाचे आहे, आणि ‘आय एन’ असेल तर मांडीवरच्या बाळाचे. धंद्याच्या कामाला कडेवर बाळ घेऊन कोणी जात नाही, तेव्हा ही दोन अक्षरे बिलाच्या गठ्ठ्यात सापडली तर मात्र शांतपणे बिल परत पाठवावे.

हे सगळे प्रत्येक कंपनीत तंतोतंत असेच असेल असे समजू नये. देशातल्या स्वस्त कंपन्यांनी आपापली नावे काढली आहेत. त्यांच्या तिकिटावर लांब संकेताऐवजी साध्या, लवचिक किंवा कंपन्यांसाठीच्या भाड्याचे नाव छापलेले असते. संकेत कळला नाही तर एजंटाकडून त्या भाड्याचे नियम मागून घ्यावेत. तो ते देऊ शकतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही. आणि कधी कधी तिकिटावर भाड्याच्या जागी आकडाच नसतो, ‘आय टी’ किंवा ‘बी टी’ अशी दोन अक्षरे असतात. ते सहलीच्या पॅकेजचे किंवा एजंटाशी खासगीत ठरलेले भाडे. तिथे तिकिटावरून काही कळणार नाही, एजंटाचे बिलच मागावे लागते.

या अटींपैकी एक मला फार बोलकी वाटते. परदेशच्या कित्येक स्वस्त तिकिटांना जुन्या काळापासून अट असे, की शनिवारची रात्र तिकडेच काढली पाहिजे. कशासाठी? सहलीला गेलेला माणूस शनिवारी तिथेच असतो. कामाला गेलेला शुक्रवारी रात्री घरी पोचू पाहतो, कारण रविवारी पोरांबरोबर असायचे असते. या घरच्या ओढीवरूनच विमान कंपनीने दोघांना वेगळे केले आणि दुसऱ्याकडून जास्त पैसे घेतले. आपल्याकडे एखादा साहेब ‘शनिवारी तिकडेच थांब, आठ हजार वाचतील’ असे सांगतो, तेव्हा आठ हजार कंपनीचे वाचतात, रविवार घरच्यांचा जातो. तो कोणत्याही बिलात लागत नाही.

त्या इंजिनियरच्या बिलाकडे परत येऊ. ताई हुशार होत्या. तिकिटावरचे ‘वाय’ आणि पुतण्याच्या तिकिटावरचे ‘क्यू’ दाखवून मी त्यांना एवढेच म्हटले, की आता तिकीट काढल्याची तारीख पाहा. प्रत्येक तिकिटावर ती असते आणि बिल तपासताना तिच्याकडेच कोणी पाहत नाही. पुतण्याचे तिकीट तेवीस दिवस आधी काढलेले. इंजिनियरचे, उड्डाणाच्या आदल्या रात्री पावणेदहाला. मग त्यांनी स्वतःच पुढचा धागा पकडला. त्या रात्री गिऱ्हाइकाचे मशीन बंद पडले होते आणि नऊ वाजता मालकांनी स्वतः फोन करून ‘पहाटेच्या गाडीने पुण्याला निघ, सकाळचे विमान पकड’ असे सांगितले होते. त्या वेळी क्यू, के, एम सगळे डबे संपलेले. वायशिवाय दुसरे अक्षर शिल्लकच नव्हते.

आणि ते पुतण्याचे स्वस्त तिकीट? त्याने परतीची तारीख दोनदा बदलली होती. क्यूसारख्या तिकिटाला प्रत्येक बदलाला दंड, शिवाय नव्या दिवसाच्या भाड्यातला फरक. ते पैसे दुसऱ्या कागदावर, ‘इतर खर्च’ या गोड नावाखाली गेले होते. दोन्ही कागद एकत्र केले तर जाऊन-येऊन दोघांचा खर्च जवळजवळ सारखा भरला. म्हणजे तिकिटाची किंमत आणि प्रवासाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस परत कधी येणार हे ठाऊक नसेल तर स्वस्त अक्षर महाग पडते.

म्हणून माझे मत असे, की ‘इतके महाग कसे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘हे कधी ठरले आणि कोणी ठरवले?’ हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर पुष्कळदा प्रवाशाकडे नसून केबिनमध्ये असते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ‘गिफा’ हे फाउंड्रीवाल्यांचे मोठे प्रदर्शन दर चार वर्षांनी भरते. कोल्हापूर भागातल्या फाउंड्रीवाल्यांना त्याचे नाव सांगावे लागत नाही. २०२३ चे प्रदर्शन जूनच्या १२ ते १६ तारखांना होते, आणि या तारखा कितीतरी आधी जाहीर झालेल्या असतात. अशा प्रवासाचे तिकीट मे महिन्याच्या अखेरीला निघाले तर त्यावरचे महाग अक्षर प्रवाशाचे नाही. जाणाऱ्यांच्या यादीवर सही करायला ज्याने दोन महिने लावले, त्याचे आहे. सरकारलाही हे कळले आहे. जून २०२२ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला की दौऱ्याचे तिकीट शक्यतो एकवीस दिवस आधी काढावे, आपल्या वर्गातले सर्वांत स्वस्त भाडे घ्यावे, आणि निघायला बहात्तर तासांहून कमी वेळ उरला असताना काढले तर कारण लिहून द्यावे.

लबाडी होत नाही असे मुळीच नाही. टपरीवर जी युक्ती सांगितली जात होती ती खरोखरच चालते. वाय तिकीट परत केले की बहुतेक पैसे परत मिळतात, आणि ते ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर येतात. ते कार्ड प्रवाशाचे. १ जून २००८ पासून जगभर कागदी तिकिटे जवळजवळ बंद झाली. पूर्वीच्या त्या तांबड्या कार्बनच्या तिकिटात खाडाखोड केली तर डोळ्यांना दिसे. आताचे तिकीट म्हणजे घरच्या छपाईयंत्रावर निघणारा कागद. २०१३-१४ मध्ये सी.बी.आय.ने काही आजी-माजी राज्यसभा सदस्यांवर गुन्हे नोंदवले. बनावट तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून न केलेल्या प्रवासाचे पैसे उचलल्याचा आरोप होता. त्यांतल्या एका माजी सदस्याला २०२२ साली दिल्लीच्या न्यायालयाने दोषी ठरवले. संसदेच्या कचेरीला जे फसवू शकतात ते उचगावच्या कचेरीलाही फसवू शकतील.

त्यावर उपाय एकच. तिकीट म्हणजे प्रवासाचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवायचे. बोर्डिंग पास मागायचा आणि शंका असेल तर तिकिटाचा क्रमांक घेऊन एजंटाला विचारायचे, की हे तिकीट वापरले गेले की परत झाले. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा तिकीट क्रमांक तेरा आकड्यांचा असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे, जसे एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०. लुफ्तान्साच्या नावाचे तिकीट आणि आकडे भलतेच, असे असेल तर तो क्रमांक कोणाचा, हे एजंटाकडून पडताळून घ्यावे. कधी कधी एक कंपनी दुसरीच्या विमानाचे तिकीट देते, म्हणून लगेच आरोप नको.

रद्द झालेल्या तिकिटात आणखी एक गोष्ट लपलेली असते. पैसे परत न मिळणारे म्हणून जे तिकीट विकले जाते, त्यातलेही सगळे पैसे बुडत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे कंपनीला मूळ भाडे आणि इंधन अधिभार यापलीकडे रद्द करण्याचा दंड घेता येत नाही. विमानतळाचे शुल्क, कर हे परत करावे लागतात. ही रक्कम शे-दोनशे असो की हजार, ती गुपचूप प्रवाशाच्या कार्डावर जमा होते, आणि कारखान्याच्या खात्यात मात्र पूर्ण तिकीट बुडाले म्हणून नोंद राहते. यात प्रवाशाची लबाडी असतेच असे नाही, कित्येकदा त्याला पैसे आल्याचे ठाऊकही नसते.

जी.एस.टी.चेही तसेच. साध्या वर्गाच्या तिकिटावर पाच टक्के कर असतो, वरच्या वर्गावर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून अठरा टक्के झाला. कामाच्या प्रवासावरचा हा कर कारखान्याला वजावटीत मिळू शकतो, पण त्यासाठी तिकीट काढतानाच कारखान्याचा जी.एस.टी. क्रमांक द्यावा लागतो आणि विमान कंपनीचे कराचे बिल वेगळे उतरवून घ्यावे लागते. माणसे स्वतःच्या मोबाइलवरून तिकीट काढतात, तो रकाना रिकामा ठेवतात, आणि वर्षभरात कारखाना जेवढे पैसे यात घालवतो त्यात दोन-तीन इंजिनियरांची ‘महागडी’ तिकिटे सहज बसतील. सुट्टीच्या प्रवासभत्त्यावर मात्र ही वजावट नाही.

आणि मैलांचे गुण. वारंवार उडणाऱ्याला विमान कंपनी गुण देते, त्यातून पुढे फुकट तिकीट मिळते. अनेक कंपन्यांत वरच्या अक्षराला जास्त गुण, खालच्याला कमी किंवा काहीच नाही. पैसे कंपनीचे, गुण स्वतःचे. एखादा माणूस तीन आठवडे आधी, डबे भरलेले नसताना, दर वेळी वरचेच अक्षर घेत असेल आणि तेही दर वेळी एकाच कंपनीचे, तर उन्हाळ्यात त्याचे कुटुंब कुठे फिरायला जाते हे विचारायला हरकत नाही. हसत विचारावे.

काही आठवडे असे असतात की कोणतेच अक्षर काही सांगत नाही. २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत कोविडमुळे सरकारनेच देशांतर्गत भाड्यांना किमान-कमाल पट्टे लावले होते. त्या काळातली बिले आताच्या बिलांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, उरलेल्या विमानांची भाडी आभाळाला टेकली आणि अंतरानुसार कमाल भाडे ठरवून द्यायची वेळ सरकारवर आली. त्या आठवड्यात कोणी दिल्लीत अडकून घरी परतला असेल तर त्याचे बिल डोळे झाकून मंजूर करावे. इतके तरी माणसाने माणसासाठी करावे.

‘उडान’चाही असाच घोळ. या योजनेत विमानातल्या सुमारे निम्म्या जागांनाच कमाल भाड्याची मर्यादा होती. योजना आली तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला ती अडीच हजारांची होती. उरलेल्या जागांचे भाडे कंपनीच्या मर्जीवर. पण वर्तमानपत्रात मथळा आला तो अडीच हजारांचा, आणि तोच मालकांच्या डोक्यात बसला. मग साडेपाच हजारांचे तिकीट पाहिले की ‘अहो, उडानमध्ये अडीच हजारच आहे की!’ ते अडीच हजारांचे डबे पहिल्या आठवड्यातच भरलेले असत, हे त्यांना कोण सांगणार?

त्या कारखान्यात ताईंनी टी.ए. फॉर्मवर तीन रकाने वाढवले. तिकिटावरचे अक्षर, तिकीट काढल्याची तारीख, आणि ‘जाण्याचे कोणी व कधी ठरवले’. पहिले दोन प्रवाशाने भरायचे. तिसऱ्यावर ज्याने पाठवले त्याची सही. मालक सुरुवातीला कुरकुरले, माझ्याच कारखान्यात मीच सही कशाला करू म्हणून. मग करू लागले. इंजिनियरचे पैसे त्याच आठवड्यात निघाले, कार्डावरचे व्याजही ताईंनी वेगळे व्हाउचर करून दिले. त्यावर कारण म्हणून त्यांनी लिहिले होते, ‘तपासणीस विलंब’.